सावळ्या सेनापतीचा खण

विश्वजित शिर्के यांनी शोकांतिका बसवायचं ठरवलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना आवरायला हवं होतं. पण सांगलीत नाटक करणाऱ्याला कुणी आवरत नाही. न करणाऱ्यालाच उलट विचारतात, "का हो, तब्येत बरी आहे ना?" इथला दर दुसरा माणूस कधी ना कधी तोंडाला रंग लावून उभा राहिलेला असतो, आणि उरलेले त्याचं कुठं चुकलं ते सांगणारे असतात.

शिर्के कुपवाडच्या एका पंपाच्या कारखान्यात परचेस ऑफिसर. मूळचे सातारचे. रंगानं गोरे, डोळ्यांनी घारे, आणि या दोन्ही गोष्टी आपण स्वकष्टानं मिळवल्या आहेत अशा तोऱ्यात वावरणारे. औद्योगिक वसाहतीच्या वार्षिक नाट्यस्पर्धेत गेली तीन वर्षं त्यांना दिग्दर्शनाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळत होतं. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर मुलगी पसंत नाही पण पोहे छान झाले होते, असं कळवण्याची पद्धत. यंदा पहिलं बक्षीस मिळालं नाही तर रंगभूमीला कायमचा रामराम, असं त्यांनी घरात जाहीर केलं. त्यांची बायको सोनिया मेथी निवडत होती. ती म्हणाली, "नक्की ना? मागच्या वर्षीही असंच म्हणाला होता."

पहिल्या बक्षिसासाठी त्यांनी नाटकही तसंच दणदणीत निवडलं. चारशे वर्षांपूर्वीची परदेशी शोकांतिका. एक काळा, परक्या मुलखातला पराक्रमी सेनापती. त्याच्यावर जीव जडून, बापाला झुगारून त्याच्याशी लग्न केलेली गोरी बायको. आणि बढती हुकली म्हणून जळणारा त्याच्या हाताखालचा अधिकारी. हा अधिकारी सेनापतीचे कान भरतो, बायकोचा रुमाल भलत्याच माणसाकडे सापडेल अशी व्यवस्था करतो, आणि डोकं फिरलेला सेनापती तिच्या तोंडावर उशी दाबतो. ती निर्दोष होती हे त्याला नंतर कळतं. शोकांतिकेत सगळं नंतरच कळतं.

"रुमालावरून खून!" शिर्के म्हणाले. "आपल्याकडे रुमाल सर्दीला लागतो. प्रेक्षकाला पटायचं नाही." म्हणून त्यांनी रुमाल काढून तिथं खण घातला. सेनापतीच्या आईनं मरताना दिलेला, पोपटी रंगाचा, तांबड्या काठाचा खण. आपल्या या मराठमोळ्या बदलावर ते इतके खूश झाले की त्या दिवशी ऑफिसात त्यांनी तीन कोटेशनं न वाचताच मंजूर केली. संहितेचं वाचन झालं तेव्हा नायिकेचं काम करणारी सोनिया मधेच म्हणाली, "अहो, पण खण म्हणजे..." शिर्क्यांनी हात वर केला. "शंका शेवटी." शेवटी चहा आला, आणि शंका राहूनच गेली.

वरच्या मजल्यावरचे आप्पासो, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, चहाच्या वासानं खाली आले होते. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "शिर्केसायब, येक सुचवू का? शेवटाला पोलीस आना. मानूस मारला आन् पोलीस आलं न्हाईत, तर पब्लिक घरी जाऊन आपल्याला श्या देतंय." शिर्क्यांनी त्यांना शोकांतिकेत नियती असते, पोलीस नसतात, हे समजावलं. "मग नियतीला तरी खाकी घाला," आप्पासो म्हणाले.

सेनापती कोण, हा प्रश्नच नव्हता. सेनापती स्वतः शिर्के. तरी लोकशाहीच्या समाधानासाठी त्यांनी निवड चाचणी घेतली, आणि तिथं पहिला घोळ झाला. लेथवर काम करणारा नाथाजी चाचणीला आला. म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वडील अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होते. रंगानं चांगला काळाकुळीत, अंगानं उंचापुरा, आणि आवाज असा की या टेकडीवरून त्या टेकडीवरचं मेंढरू मान वळवून बघेल. त्यानं सेनापतीची चार वाक्यं म्हटली आणि कँटीनमधला वाढपी हातातली आमटी विसरून उभा राहिला.

शिर्के खोकले. "आवाज बरा आहे. पण काय आहे नाथाजी, तुझ्यावर लाइट पडायचा नाही."

"पर सायेब," नाथाजी म्हणाला, "त्यो सेनापती काळाच हाय न्हवं?"

"आहे. पण तो नाटकातला काळा आहे. म्हणजे, आतून देखणा माणूस आणि वरून काळा. तू... तू थेट काळा आहेस."

असलं वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं, याचा विचार शिर्क्यांनी केला नाही. केला असता तर गोष्ट इथंच संपली असती. नाथाजी हसला आणि म्हणाला, "व्हय सायेब. लाइटीचा खर्च वाढायचा उगं." त्याला त्यांनी प्रॉम्प्टरचं काम दिलं. प्रॉम्प्टर विंगेत अंधारात बसतो, तिथं रंगाचा प्रश्न येत नाही. कान भरणाऱ्या अधिकाऱ्याचं काम टाइम ऑफिसच्या वीरधवलला मिळालं. त्यालाही सेनापतीच व्हायचं होतं, पण साहेबांपुढं बोलणार कोण? लोकांच्या हजेरीत खाडाखोड करून करून त्याच्या चेहऱ्यावर भूमिकेला लागणारा भाव आधीच आलेला होता.

मग संहिता मंजुरीला गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं: 'काळा सेनापती' या शीर्षकातील 'काळा' हा शब्द भावना दुखावणारा असल्याने त्याऐवजी 'सावळा' असा शब्द योजावा व संहितेत सर्वत्र तशी दुरुस्ती करून तीन प्रती पुन्हा सादर कराव्यात. शिर्क्यांनी सर्वत्र दुरुस्ती केली. त्यामुळे एका प्रवेशात 'सावळी मांजर' आडवी गेली आणि दुसऱ्यात नायिकेचा बाप "तू माझ्या तोंडाला सावळं फासलंस!" असं ओरडू लागला. कागदावर कुणाच्याच भावना दुखावल्या नाहीत.

सेनापतीला काळं करण्यासाठी रंगभूषाकार वजीरभाईंना गाठलं. चाळीस वर्षं गॅदरिंगांपासून संगीत नाटकांपर्यंत सगळ्यांची तोंडं रंगवलेला माणूस. शिर्क्यांची मागणी ऐकून त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत गुलाबी, जास्त गुलाबी आणि फार गुलाबी असे तीन डबे होते.

"काळा माल मी ठेवतच नाही साहेब. आजपर्यंत कुणी मागितलाच नाही. काळ्याला गोरा करून दे म्हणणारी अख्खी दुनिया आहे. गोऱ्याला काळा कर म्हणणारे तुम्ही पहिले." मग पेटी बंद करत म्हणाले, "आणि तुमचा तो प्रॉम्प्टर आहे ना, त्याला मी नुसती पावडरची झुळूक देऊन उभा करीन. पैसे पण नको."

शिर्क्यांना हे झोंबलं. वजीरभाईंनी काजळी आणि खोबरेल तेल खलून रंग केला, तो पहिल्याच रंगीत तालमीत सोनियाच्या पांढऱ्या साडीवर पंजासकट उमटला. प्रेमप्रवेश संपला तेव्हा सेनापती जागोजाग गोरा झाला होता आणि नायिका कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत होती. न उतरणारा रंग हवा, म्हणून शिर्क्यांनी दुसऱ्या दिवशी फाउंड्रीतून साच्यांना लावायची काळी पूड आणली. वजीरभाई हात जोडून म्हणाले, "साहेब, ती लोखंडासाठी असते." पण परचेस ऑफिसरनं स्वतः पास केलेल्या मालाबद्दल दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नसतं.

तासाभरात शिर्क्यांचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. रंग धुतला, पण खालची कातडी त्याहून काळीनिळी निघाली. डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंडाला काहीही लावायचं नाही असं बजावलं. आप्पासो बघायला आले आणि म्हणाले, "आता रंगाची गरजच ऱ्हायली न्हाई की!" खरं होतं, पण ओठ इतके सुजले होते की सेनापतीच्या तोंडून शब्द बाहेर पडेना. प्रयोग पाच दिवसांवर. आणि अख्ख्या मंडळात सेनापतीची सगळी भाषणं पाठ असलेला माणूस एकच होता, विंगेत अंधारात बसलेला.

नाथाजी सेनापती झाला आणि शिर्के प्रॉम्प्टर.

विंगेतून नाटक फार वेगळं दिसतं. सेनापती म्हणून सोनियाचे हात हातात घेताना शिर्क्यांना कधी काही वाटलं नव्हतं. घरचेच हात. आता तेच हात नाथाजीच्या हातात बघताना मात्र पुस्तकातली ओळ हरवू लागली. शिवाय नाथाजी चांगलं करत होता. चांगलं म्हणजे, त्रास व्हावा इतकं चांगलं. आणि सोनियाही आता घड्याळाकडे न बघता तालीम करत होती.

वीरधवल त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. "मी काही म्हणत नाही सर."

"काय म्हणत नाहीस?"

"काहीच नाही. वहिनी मनानं मोकळ्या आहेत. परवा नाथाजीला डब्यातली पुरणपोळी दिली. म्हणजे त्यात काही नाही. पण रंग तरी बघा सर. कुठं वहिनी, कुठं तो. लोक बोलतात. मी त्यांना गप्प करतो." हे सगळं तो नेमक्या त्याच आवाजात बोलत होता, जो शिर्क्यांनी त्याच्याकडून दोन महिने घोटून घेतला होता. 'गोड बोल, अर्धं बोल, उरलेलं त्याला समजू दे,' असं त्यांनीच शिकवलं होतं. शिकवणी वाया गेली नव्हती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सामानाच्या पेटीतून तो पोपटी खण नाहीसा झालेला आढळला. खण शिर्क्यांनी स्वतः सातारहून निवडून आणलेला. त्यांनी पेटी तीनदा उपसली. संध्याकाळी वीरधवलनं कानाशी येऊन सांगितलं, "सर, राग मानू नका. खण नाथाजीच्या खोलीत पाहिला. मी काही म्हणत नाही."

शिर्क्यांनी पेटी चौथ्यांदा उपसली. आता, घरी जाऊन बायकोला एक साधा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. 'हा माणूस बायकोला सरळ विचारत का नाही, हे प्रेक्षकाला टोचलं पाहिजे,' असं तेच दोन महिने तालमीत ओरडत होते. पण सातारचा शिर्के बायकोला खणाचा हिशेब विचारणार? त्यांनी जेवताना फक्त आमटीत मीठ जास्त आहे असं सांगितलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सुजेमुळे त्यांना दुसऱ्या कुशीवर झोपताही येत नव्हतं. सोनियाला वाटलं, तोंड दुखत असेल.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. बाजारातून ऐनवेळी दुसरा एक खण आणून काम भागवलं. वजीरभाईंनी नाथाजीला पावडरची झुळूक दिली आणि त्याला आरशासमोर उभा करून म्हणाले, "बघ. याला म्हणतात सेनापती." तिसऱ्या रांगेत नाथाजीची आई भामाबाई बसली होती. मुलाचं नाटक बघायला दोन दिवसांपूर्वी म्हसवडहून आलेली, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात आली होती, आणि चालू असलेलं सगळं खरं धरून चालली होती.

नाथाजीवर लाइट पडला. असा पडला की शिर्क्यांना विंगेतून दुसरीकडे बघताच येईना. दोन अंक लोक हलले नाहीत. तिसऱ्या अंकात सेनापतीनं स्वर्गवासी आईची आठवण काढली तेव्हा तिसऱ्या रांगेतून "आरं म्या जिती हाय की!" असा आवाज आला, थोडे लोक हसले, शेजारणीनं म्हातारीला समजावलं आणि नाटक पुढं सरकलं.

मग शेवटचा प्रवेश. पलंगावर सोनिया, हातात उशी घेतलेला नाथाजी, कडेला अंधारात वीरधवल. नाथाजीनं आवाज चढवला, "शेवटचं विचारतो! माझ्या आईनं दिलेला तो पोपटी खण कुठे आहे?"

तिसऱ्या रांगेत भामाबाई उभी राहिली. "आरं ए नाथा! त्यो माज्याकडं हाय!" तिनं पिशवीत हात घालून तांबड्या काठाचा पोपटी खण बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. "परवा ह्या लेकीनं मला घरी नेऊन माजी वटी भरली. त्यात दिला की गं पोरी? सांग की त्याला! गप का बसलीस?"

नाट्यगृहातल्या बायकांमध्ये खसखस पिकली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "खण काय एका घरी राहतो का? वर्षात दहा घरं फिरतो तो!" "माझ्याकडचा परत माझ्याकडेच आला होता संक्रांतीला!" दुसरी ओरडली. "आन् तेवढ्यासाठनं बायकूला मारतूस व्हय?" भामाबाईचा आवाज चढला. मुलाला आवाज कुठून मिळाला ते सगळ्यांना कळलं. "कान भरनाऱ्याला इचार की! त्यो बघ, कोपऱ्यात हुबा हाय!"

पाचशे माणसांनी वीरधवलकडे बघितलं. टाइम ऑफिसच्या माणसाकडे इतकी माणसं एकदम कधी बघत नाहीत. तो दोन पावलं मागं सरकला.

शिर्के विंगेत उभे होते. बायका कपाटात ठेवलेल्या खणांच्या गठ्ठ्यातून वरचा खण उचलतात, समोरचीच्या ओटीत घालतात आणि तो कुठून आला होता हे त्यांनाही आठवत नसतं, ही गोष्ट वीस वर्षं संसार करून त्यांना आज पाचशे लोकांबरोबर कळत होती. सोनियाची शंका हीच होती. सोनियानं भामाबाईला पेटीतलाच खण का दिला हेही त्यांना कळलं: नाटकाची पेटी तालमीनंतर घरी यायची, खणांच्या गठ्ठ्याशेजारीच ठेवली जायची, आणि तिच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. त्यांना इतकं हलकं वाटलं आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली, की पुढची ओळ सांगायची राहिली. मग दिग्दर्शक जागा झाला. "उशी!" ते सुजलेल्या ओठांतून फुसफुसले. "नाथाजी, उशी दाब!"

नाथाजीनं आईकडे बघितलं. मग हातातली उशी हळूच पलंगावर ठेवली. संहितेत नसलेलं बोलायला तो वीरधवलकडे वळला, आणि आवाज अगदी खाली आणून, म्हसवडच्या आपल्या बोलीत म्हणाला, "तू काय येगळं सांगितलं न्हाईस. ह्या असल्या काळ्यावर कोन मनापासनं जीव लावंल, एवडंच सांगितलंस. आन् मला त्ये लगेच खरं वाटलं. कारन ल्हानपनापास्नं समद्यांनी मला त्येच सांगितलंय."

विंगेत शिर्क्यांचे डोळे भरून आले. 'तू थेट काळा आहेस' हे आपलंच वाक्य त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. पडदा पाडायचा कुणाला सुचलं नाही. शेवटी वजीरभाईंनी दोरी ओढली, आणि टाळ्या पडद्यावर येऊन आदळल्या.

रंगपटात शिर्क्यांनी सोनियाला सगळं सांगून टाकलं. ती ऐकून आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला. "माझ्यावर संशय? तोही खणावरून? निदान पैठणी तरी हरवायची होती." त्यानंतर तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी पत्र आलं. नाथाजीला अभिनयाचं पहिलं बक्षीस जाहीर झालं होतं. नाटकालाही पहिलंच बक्षीस देण्याचं परीक्षकांनी एकमतानं ठरवलं होतं. परंतु, पत्रात पुढं लिहिलं होतं, 'मंजूर संहितेनुसार पृष्ठ ६८ वर नायिकेचा मृत्यू अपेक्षित असताना प्रत्यक्ष प्रयोगात नायिका मृत झाली नाही. सबब निकाल राखून ठेवला असून, या बदलास कोण जबाबदार, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. जबाबदार व्यक्ती स्पर्धेतून बाद समजली जाईल.'

ऑफिसात वीरधवल त्यांच्या टेबलाशी आला. "सर, सोपं आहे. नटानं परस्पर बदल केला असं लिहा. नाथाजीचं बक्षीस जाईल, पण नाटक तुमचं, पहिला नंबर तुमचा. नाहीतरी लेथवरच्या माणसाला त्या बक्षिसाचं काय? मी काही म्हणत नाही."

"मग म्हणू नकोस," शिर्के म्हणाले.

त्यांनी खुलासा घरी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिला. तोंडाची सूज उतरली होती, काळे डाग तेवढे राहिले होते. पहिलं बक्षीस हातातून जाताना वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगलंच वाईट वाटलं, दोनदा कागद फाडला. लिहून झाल्यावर त्यांनी तो सोनियापुढं सरकवला. तिनं वाचला:

'महोदय, खुलासा खालीलप्रमाणे. एक, नायिका निर्दोष असल्याचे नायकाच्या मातोश्रींनी वेळेत निदर्शनास आणून दिल्याने तिचा मृत्यू रद्द करण्यात आला. दोन, नायक सदर भूमिकेस पहिल्या दिवसापासून योग्य असताना त्यास केवळ रंगावरून डावलण्यात आले होते. तीन, वरील सर्व बाबींस मी एकटा जबाबदार असून मला बाद करावे. नटाचे बक्षीस कायम ठेवावे, ही विनंती.'

सोनियानं पेन मागितलं. शिर्क्यांना वाटलं, ऱ्हस्वदीर्घ बघत असेल. तिनं खाली आपल्या हातानं लिहिलं: 'चार, नायिकेस सुरुवातीलाच विचारले असते तर वरील तिन्ही बाबी उद्भवल्या नसत्या.' आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत म्हणाली, "करा आता सही."

शिर्क्यांनी सही केली.